अंगठ्याला लागेल एवढी

३ जानेवारी

प्रिय ठिणगी,

तुझं नवं ड्रॉइंग मिळालं, पट्ट्यांचं खोकंही मिळालं. आता भांडायला बसते. वसतिगृहात आपण एका खोलीत राहिलो तेव्हाच मला कळलं होतं की तुझ्याशी भांडायचं तर कागदावर. समोरासमोर तू बोलूच देत नाहीस.

परवा जेवताना तुझ्या दादाने विचारलं, की टाइल्समध्ये फटी ठेवताच कशाला, खेटून चिकटवून टाका ना. मी ताटं-वाट्या सरकवून त्याला दाखवलं. आपल्या अंतराळयानाचं अंग धातूचं. ते तापलं की वाढतं, गार झालं की आकसतं. वर चिकटवलेल्या टाइल्स मात्र होत्या तेवढ्याच राहतात. खेटून बसवल्या तर एकमेकींच्या कडा फोडतील, म्हणून फट. पण यान खाली उतरताना पोटावरून जो तापलेला वायू वाहतो, तो नेमका त्याच फटीत शिरतो, टाइल्सच्या कुशी भाजत तळापर्यंत जातो. तळाला काय, नुसता गोंद आणि त्याखाली धातू. म्हणून फटीत विणलेली पट्टी दाबून बसवायची. सगळं ऐकून तुझा दादा म्हणाला, म्हणजे आधी भोक ठेवायचं आणि मग पगार घेऊन बुजवायचं. आणि हात धुवायला उठला. शाळेत भूगोल शिकवणाऱ्याने माझ्या अख्ख्या नोकरीचं सार असं एका घासात सांगून टाकलं.

तर भांडण असं. फटीचा तळ फार तापतो असं तुझ्या गणितात निघालं, म्हणून तू पट्टी जाड केलीस. ठीक आहे. पण ही जाड पट्टी गोंद सुकताना हळूहळू वर सरकते आणि टाइलच्या वर डोकं काढते. नखाच्या जाडीएवढंच, पण काढते. आणि वरचं कापायला तुझ्या ड्रॉइंगमध्ये मनाई, कारण कापलं की वीण उसवते. मग मी काय करू?

आमच्या उस्तादांचं तुला कधी सांगितलं नाही वाटतं. कॉलेजातून आले तेव्हा मला पट्टी हातात कशी धरायची तेही येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. त्यांची पद्धत अशी, की पाठीवरच्या आणि बाजूच्या पट्ट्यांची कड मुद्दाम केसभर वर ठेवायची. पुढच्या पाळीतल्या माणसाला नुसता अंगठा फिरवून कळतं, इथे बसली, इथे राहिली. "अंगठ्याला लागली पाहिजे" हे त्यांचं पालुपद. आणि पोटाखाली गेलो की तेच उस्ताद म्हणायचे, "इथे काही लागलं तर अंगठाच कापीन." पोटावर झोत थेट येतो. तिथे कड वर राहिली तर गुळगुळीत वाहणारा वायू अडखळतो, घुसळतो आणि मागच्या टाइल्स कितीतरी जास्त भाजतात. अर्थात हे तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

एकदा येऊन स्वतः बघ. तुझ्या दादालाही बरं वाटेल.

तुझी,
मिस्त्री


१४ जानेवारी

वहिनीसाहेब,

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचा वर बघायला लागला. उस्तादांचा अंगठा तर मी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवला. आमच्या साहेबांनी दोनदा सांगायला लावला.

तुझी काळजी कळते, पण तू लहानपणापासूनच काळजीखोर असणार, माझी खात्री आहे. वसतिगृहातला गिझर तू दुरुस्त केलास आणि नंतर आठवडाभर स्वतःच त्याखाली आंघोळीला जायला घाबरत होतीस, तेव्हा आम्ही तुझं नाव मिस्त्री ठेवलं. विसरलीस? या पट्टीवर मी फार घासलंय गं. माझ्या एकटीच्या नावावरचं हे पहिलं ड्रॉइंग. आतापर्यंत सगळी साहेबांच्या नावाने गेली. हे नीट पार पडलं तर फटींचा सगळा विभाग माझ्याकडे येईल, असं साहेबांनी जवळजवळ कबूल केलंय.

येते महिनाअखेर. यानाच्या पोटाखाली झोपेन, अंगठा लावेन, तू म्हणशील ते करेन. दादाला सांग, खोली माझी ती माझीच. त्याची पुस्तकं तिथून हलव.

तुझी लाडकी नणंद,
ठिणगी


८ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

तू गेल्यापासून घर सुनं वाटतंय. तुझा दादा दोन दिवस तुझ्या खोलीत जाऊन उगाच खिडकी उघडून आला.

तू आलीस ते फार बरं केलंस. माझा कामाचा डगला घालून, बाह्या तीनदा दुमडून, ढकलगाडीवर उताणी पडून तू पोटाखाली गेलीस ते डोळ्यासमोरून हलत नाही. बाकीचे चहाला गेले होते म्हणून बरं, नाहीतर साहेबीणबाईंचा तो अवतार सगळ्या शेडने पाहिला असता. तू अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, लागतंय खरं, पण एवढं चालतं. मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालीस. तुझ्याइतकं हे कोणाला कळतं? मी ऐकलं.

फक्त तो कागद तेवढा पाठव. एवढी उंची चालेल, नाहीतर एवढी कापली तरी चालेल, दोन्हीपैकी जे असेल ते. तू म्हणालीस तुझ्या-माझ्यात कागद कसला, आणि मीही हसले. पण माझ्या सेक्शनमधल्या माणसांना मी काय दाखवू? काम थांबवलेलं नाही. तुझ्या शब्दावर पुढचं बसवतेय.

मिस्त्री


२ मार्च

प्रिय मिस्त्री,

घाईत लिहितेय. कागद साहेबांच्या टेबलावर आहे, ते दौऱ्यावर आहेत. आले की पाठवते. तू थांबू नकोस, तारीख पुढे गेली तर सगळ्यांचीच पंचाईत. मी आहे ना.

ठिणगी


१९ मे

प्रिय ठिणगी,

यान परत आलं हे तुला माझ्या आधी कळलं असेल. पण त्याच्या पोटाखाली तू गेलेली नाहीस. मी आज सकाळी गेले.

पुढच्या चाकांच्या दारामागे एक पट्टी आहे. तिच्या डोक्यापासून मागे हातपंख्यासारखा पसरत गेलेला तपकिरी डाग आहे. त्या डागातल्या टाइल्सच्या कडा वितळून काचेसारख्या झाल्यात. दोन टाइल्स काढल्या, तर खालचा गोंद कोळसा झालेला आणि धातू मऊ पडून आत बसलेला. अजून थोडा वेळ हवेत असतं तर भोक पडलं असतं. या खेपेला आत माणसं नव्हती. पुढच्या यानात तीन जणं बसणार आहेत.

मी ढकलगाडीवरून उठलेच नाही बराच वेळ. आपण दोघींनी त्याच पट्टीवर अंगठा लावला होता गं.

चौकशी समिती बसतेय. मी खरं काय ते सांगणार आहे, की पट्टी वर येत होती, मी विचारलं, तू चालेल म्हणालीस, मी कागदाची वाट न बघता बसवत गेले. तुझा अंदाज चुकला आणि मी कागदाशिवाय काम केलं. चूक दोघींची. दोघींनी मिळून सांगितली तर ओरडा खाऊन सुटू, आणि ड्रॉइंग बदलेल, ते महत्त्वाचं. तू आधी सांगावंस असं मला वाटतं. मी तुझ्यावर चाडी केल्यासारखं दिसायला नको.

मिस्त्री


२७ मे

माझी शहाणी मिस्त्री,

तुझं पत्र वाचून रडले. तू म्हणतेस तसंच करायचं, दोघींनी मिळून. फक्त पहिल्या बैठकीत लगेच काही बोलू नकोस. मला आकडे नीट मांडू दे. अर्धवट बोललो तर ते लोक भलताच अर्थ काढतील. एवढं माझ्यासाठी कर.

दादाचा खोकला कसा आहे? त्याला म्हणावं खडू कमी खा.

आणि सहज विचारते, उस्तादांची ती अंगठ्याची पद्धत अजून चालू आहे का तुमच्याकडे? नव्या मुलामुलींनाही शिकवतेस का? तो किस्सा माझ्या मनातून जातच नाही.

ठिणगी


४ जून

प्रिय ठिणगी,

तू म्हणालीस म्हणून पहिल्या बैठकीत मी मूग गिळून बसले. अध्यक्षांनी विचारलं, काही सांगायचंय का? मी नाही म्हणून मान हलवली. माझी मलाच लाज वाटली, पण तुझा शब्द. आता लवकर आकडे मांड.

अंगठ्याचं म्हणशील तर हो, चालू आहे, चालू नसायला काय झालं? मी स्वतः एकेकाचा हात धरून शिकवते. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी डोळे मिटायला लावते आणि पाठीवर अंगठा फिरवायला सांगते. एक जण म्हणाला, बाई, हे तर तबला शिकवल्यासारखं झालं. अशा वेळी तुला माझी एवढीशी गोष्ट आठवते, हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

खोकला बरा आहे. तुझा दादा हल्ली फार गप्प असतो. माझंच टेन्शन त्याला लागलं असेल.

मिस्त्री


२९ जून

आज तुला प्रिय लिहिता येत नाही.

तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस. निळी ओढणी. अहवाल वाचून दाखवत होते तेव्हा तू पेनचं टोपण काढत होतीस आणि लावत होतीस. परीक्षेच्या आधी करायचीस तसं.

"या सेक्शनमध्ये पट्टीची कड अंगठ्याला लागेल एवढी वर ठेवण्याची जुनी सवय असून, ती नव्या कर्मचाऱ्यांनाही पद्धतशीर शिकवली जाते." हे वाक्य ऐकलं आणि मला आधी कळेचना की हे मी कुठे ऐकलंय. मग कळलं, ऐकलं नाही, मीच लिहिलंय. तुला. हसत हसत.

पण मी तुला अख्खी गोष्ट लिहिली होती. पाठीवर ठेवायची आणि पोटावर ठेवली तर अंगठा कापीन, अशी होती ती. तू अर्धी घेतलीस. उरलेली अर्धी कुठे टाकलीस? मेलेल्या माणसाची शिकवण होती ती. त्यांनी जिथे करू नका म्हणून जन्मभर कंठशोष केला, तेच त्यांच्या नावावर लागलं.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं, जाड पट्टी, तुझं येणं, ढकलगाडी. अध्यक्षांनी विचारलं, कागद आहे? घरी तुझी पत्रं आहेत म्हटलं, तर म्हणाले, घरगुती पत्र पुरावा नाही. साक्षीदार? चहाला गेले होते. मग पहिल्या बैठकीत का बोलला नाहीत? मी तुझ्याकडे पाहिलं. मग ते तुझ्याकडे वळले आणि तुम्ही तोंडी काही सांगितलं होतं का, असं विचारलं.

तू म्हणालीस, "मला तसं काही आठवत नाही."

नाही म्हणाली असतीस तर मी भांडले असते. आठवत नाही म्हणालीस. किती विचार करून निवडलं असशील ते. मला गप्प बसवलंस, माझ्याकडूनच माहिती काढलीस आणि तिनेच माझ्यावर खापर फोडलंस. केसाने गळा कापलास माझा. ज्या खोलीची खिडकी तुझा दादा उघडतो ना, तिथे मी तुझ्यासाठी नव्या चादरी घालून ठेवल्या होत्या.


५ जुलै

मिस्त्री,

तुला राग येणं साहजिक आहे. तरी वाच, फाडू नकोस.

तू घाबरलीस कधी माझ्यासारखी? मला साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, ड्रॉइंग चुकलं असेल तर हा विभागच बंद होईल, आणि काम बाहेरच्यांना जाईल. आमच्याकडे वीस माणसं आहेत. मग तेच म्हणाले, ती अंगठ्याची गोष्ट तू सांगत होतीस ना? मी काही रचलं नाही. त्यांनी विचारलं त्याला मी हो म्हणाले. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरता येईना.

मी एकटीने ठरवलं असंही समजू नकोस. पहिल्या बैठकीच्या आधीच दादाला फोन केला होता, सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, तिची कायमची नोकरी आहे, फार तर दुसऱ्या सेक्शनला टाकतील, तुझं मात्र सगळंच जाईल. म्हणाला, तिचं मन मोठं आहे, ती समजून घेईल, मी समजावतो तिला. त्याने तुला सांगितलं नाही हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. मला वाटत होतं सांगितलं असेल.

आपण घरची माणसं आहोत. काळ गेला की हेही जाईल.

ठिणगी


१२ जुलै

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि तुझ्या भावासमोर बसले. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाला, तुला दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, महिनाभर तू रोज माझ्यासमोर जेवलास. मी रोज तुला सांगत होते की माझी मैत्रीण आकडे मांडतेय, आता सगळं नीट होईल. तू मला पाणी वाढत होतास. आता तो तुझ्या खोलीत झोपतो. चादरी कामाला आल्या.

मला पॅराशूटच्या घड्या घालायच्या सेक्शनला टाकलंय. काम वाईट नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही.

पुढच्या यानाला तुझीच जाड पट्टी बसवतायत, ड्रॉइंग तेच. अहवालाप्रमाणे सुधारणा काय झाली ठाऊक आहे? शेडमध्ये पाटी लागलीय, पट्टीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. सगळ्यांना जाड हातमोजे. म्हणजे पट्टी वर येणार ती येणारच, फक्त आता ती कोणाला लागणार नाही. मोजपट्टी ते दर वीस टाइल्समागे एकदा लावतात. मधलं कोण बघणार?

मी अर्ज दिला. वैयक्तिक आकसापोटी असा शेरा मारून परत आला. मला त्या शेडमध्ये पाऊल टाकायला बंदी आहे. तुला नाही. तू जा. मोजा काढ आणि पुढच्या चाकांच्या दारामागे अंगठा लाव. माझ्यासाठी काही करू नकोस, मला तुझ्याकडून काहीही नकोय. आत तीन माणसं बसणार आहेत.


३ ऑगस्ट

मिस्त्री,

गेले होते. मोजा काढला. लागली. सगळीकडे लागली, मागच्यापेक्षा जास्त.

रात्रभर झोप नाही. पण मी मार्ग काढलाय. पोटाला शेवटचा हात मारायच्या नावाखाली सगळ्या पट्ट्या टाइलच्या खाली कापून घ्यायला लावतेय, आणि वीण उसवू नये म्हणून कडांना गोंदाचा लेप. झोतापुढे नमुना धरून पाहिला, छान टिकतो. ड्रॉइंगमध्ये बदल दाखवायची गरज नाही, ते नेहमीच्या साफसफाईत बसतं. कोणी विचारलं नाही.

बघ, तू सांगितलंस ते केलं की नाही? तीन माणसं सुखरूप येतील, ती तुझ्यामुळे. हे तुला आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे नाही का? अहवालाला आता हात लावला तर उड्डाणच रद्द होईल. नंतर, सगळं शांत झालं की मी काहीतरी करेन. शब्द देते.

तुझी,
ठिणगी


१७ ऑक्टोबर

काल यान उतरलं. पॅराशूटवाले म्हणून आम्हाला धावपट्टीवर जागा मिळाली होती. माझ्या घड्या नीट उलगडल्या.

टाइल्स गार झाल्यावर आम्हाला जवळ सोडलं. तिथे ती पाटी नव्हती, मी वाकून पोटाला हात लावला. कुठे डाग नाही. अंगठ्याला काही म्हणजे काही लागलं नाही. कापलंय फार सुंदर. उस्तादांनी पाहिलं असतं तर तुझी पाठ थोपटली असती, आणि मला खरंच बरं वाटलं. ते खोटं लिहिणार नाही.

मग अध्यक्षांनी भाषण केलं. म्हणाले, मागच्या खेपेला दोष ड्रॉइंगचा की हातांचा, अशी शंका काही जणांनी काढली होती. यावेळी ड्रॉइंग तेच होतं, फक्त हात बदलले, आणि निकाल तुमच्यासमोर आहे. टाळ्या वाजल्या. मग तुझं नाव घेतलं, विभागप्रमुख म्हणून, त्यालाही वाजल्या. तुझा भाऊ घरी हे सगळं टीव्हीवर बघत होता. मी पोचले तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, कोणासाठी ते मी विचारलं नाही.

तू ते यान वाचवलंस आणि त्याच हाताने माझ्यावर शिक्कामोर्तब केलंस. आता तू उद्या खरं बोललीस, किंवा मी तुझी पत्रं नेऊन दाखवली, तरी कोण मानेल? बोलणार नाहीस ते सोड.

उतरलेल्या तिघांत एक बाई होती. आपल्याच वयाची असेल. ती एकेकाशी हात मिळवत आमच्या रांगेपर्यंत आली, पाय अजून डगमगत होते तिचे. माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. मीही केला. तेवढ्यात मागच्या माणसाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, हात मागे घेतला आणि शेजारच्या मुलाशी मिळवला.

उत्तर पाठवू नकोस.